पाढेबाईंचा बिघडलेला तास

चौथीला गणित शिकवणाऱ्या बाईंना सगळी शाळा पाढेबाई म्हणायची. तोंडावर नाही, पाठीमागे. पण बाईंना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. सव्वीस वर्षं त्यांनी पोरांकडून पाढे घोटून घेतले होते. आवाज असा खणखणीत, की शेजारच्या वर्गातली मुलंही चुकून त्यांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची.

त्या वर्षी शाळेत कॅमेरा आला. वर्गाच्या मागे स्टँडवर मोबाइल लावायचा, पंधरा दिवसांतून एक तास रेकॉर्ड करून पाठवायचा. दूरच्या शहरात बसलेली मार्गदर्शक तो बघणार आणि मग व्हिडिओ कॉलवर बोलणार. बाईंच्या वाट्याला आलेली मार्गदर्शक त्यांच्या लेकीच्या वयाची होती. "आता अंडं कोंबडीला शिकवणार," बाई स्टाफरूममध्ये म्हणाल्या आणि सगळे हसले.

पण पहिल्याच कॉलला त्या मुलीने व्हिडिओ एका जागी थांबवला.

"बाई, इथे बघा. पाव मोठा की अर्धा, असं तुम्ही विचारलंत आणि दोन सेकंदांत उत्तरही तुम्हीच दिलंत."

"पोरं गप्प बसली होती ना, मॅडम."

"ही तिसऱ्या बाकावरची बघा. बोटांवर मोजून विचार करतेय. तिला थोडा वेळ हवा होता."

बाईंनी चष्मा पुसून पाहिलं. खरंच की! सव्वीस वर्षांत आपला वर्ग त्यांनी मागून कधी पाहिलाच नव्हता. दुसऱ्या दिवसापासून प्रश्न विचारला की त्या मनात दहापर्यंत मोजू लागल्या. कधी आठाला, कधी नवाला, आजवर वर न आलेले हात वर येऊ लागले.

मग बाईंना त्या कॉलची ओढच लागली. अर्ध्या तासाचं बोलणं दीड तासावर जायचं. मॅडम म्हणता म्हणता त्या तिला 'अगं' म्हणू लागल्या.

एकदा ती म्हणाली, "बाई, तुम्ही चांगलेच तास पाठवता. बिघडलेला पाठवा ना. खरं शिकायला त्यातूनच मिळतं. आपल्या दोघींतच राहील."

तास बिघडायला वेळ लागला नाही. एका सकाळी बाईंच्या म्हाताऱ्या आईने, त्या तिची वेणी घालत असताना, मान वळवून विचारलं, "तुम्ही कोण?" आईचं विसरणं वाढत होतं, पण लेकीला विसरण्याची ती पहिलीच वेळ. बाई तशाच शाळेत गेल्या. तिसऱ्या बाकावरच्या मुलीचा अपूर्णांक तीनदा चुकला आणि बाई कडाडल्या, "डोक्यात दगड भरलेत का तुझ्या?" पोर हुंदके देऊन रडली. मागे कॅमेरा चालूच होता.

तो व्हिडिओ पुसता आला असता. बाईंनी तो पाठवला. कॉलवर आईचंही सांगितलं, हातचं काही न राखता. पलीकडे मार्गदर्शक मुलीने डोळे टिपले. दोघींनी मिळून पुढचा तास आखला. बाईंनी सगळ्या वर्गासमोर पोरीची माफी मागितली. मग कागदाच्या पट्ट्या कापून तिनेच फळ्याजवळ उभं राहून वर्गाला अपूर्णांक समजावला. तोही व्हिडिओ बाईंनी पाठवला आणि कितीतरी दिवसांनी त्यांना हलकं वाटलं.

वर्षअखेरीला सगळ्या शिक्षकांचं शिबिर भरलं. दोनशे माणसं. मार्गदर्शक पहिल्यांदाच प्रत्यक्ष दिसणार म्हणून बाई पुढच्या रांगेत जाऊन बसल्या. ती मंचावर आली, पडद्यावर अक्षरं उमटली: 'वर्गात काय टाळावं'. आणि सभागृहात बाईंचा आवाज घुमला. "डोक्यात दगड भरलेत का तुझ्या?"

चेहरे धूसर केले होते. पण तो आवाज कुणाला ओळखू येणार नव्हता? भिंतीवर बाईंच्या हातचे पाढ्यांचे तक्ते स्वच्छ दिसत होते. मागच्या रांगेत कुणीतरी खिदळलं. पोरीचे हुंदके मात्र जसेच्या तसे ऐकू येत होते.

"घरची दुःखं वर्गाच्या दाराबाहेर ठेवायची असतात," मार्गदर्शक सांगत होती. "आई आजारी असली, तरी मुलांचा त्यात काय दोष?"

जेवणाच्या सुट्टीत बाईंनी तिला जिन्याजवळ गाठलं.

"मॅडम, दोघींतच राहील म्हणाला होतात."

'मॅडम' ऐकून ती चपापली. "बाई, नाव कुठे घेतलं? आणि व्हिडिओ प्रशिक्षणासाठी वापरायला तुम्ही सुरुवातीलाच फॉर्मवर सही दिलीय."

"आणि नंतरचा तास? माफीचा?"

"दहाच मिनिटं होती हो. वरून उदाहरण मागितलं होतं, चुकीचंच."

केसाने गळा कापणं म्हणजे काय, ते बाईंना त्या जिन्यावर कळलं. त्या जेवल्या नाहीत.

संध्याकाळी त्या थेट त्या पोरीच्या घरी गेल्या. दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी आपणच सांगावं म्हणून. पोरीची आई शिवणाचं मशीन थांबवून ऐकत राहिली. शेवटी तिने एवढंच विचारलं, "आता आणखी कुठे कुठे दाखवणार माझ्या पोरीचं रडणं?" तो व्हिडिओ काढून टाकावा म्हणून दोघींनी मिळून वर अर्ज केला. दोन महिन्यांनी उत्तर आलं: संमती नियमानुसार, शिक्षिकेच्या सहीने घेतलेली आहे. पोरीच्या आईने तो कागद घडी करून मशीनच्या खणात टाकला आणि बाईंशी बोलणं सोडलं.

कॅमेरा सक्तीचा होता, तो चालूच राहिला. बाई आता आदल्या दिवशी मुलांकडून तालीम करून घेत. कुणी काय विचारायचं, कुणी कधी हात वर करायचा, सगळं ठरलेलं. मुलंही तयार झाली. सकाळी विचारायची, "बाई, आज कॅमेऱ्याचा तास की आपला?" दूरच्या शहरातून शेरे यायचे: लक्षणीय प्रगती. पुढच्या वर्षी उत्कृष्ट अध्यापनाचं प्रशस्तिपत्र आलं, खाली त्याच मार्गदर्शक मॅडमची सही.

मुख्याध्यापकांनी ते भिंतीवर लावायला सांगितलं. बाईंनी ते कपाटात रद्दीखाली सरकवलं आणि तासाला गेल्या. भागाकार शिकवायचा होता, आणि तो पोरांना अजिबात जमत नव्हता. हे आता सांगायचं कुणाला, हे मात्र त्यांना कळत नव्हतं.