नटाची सही

बायको गेल्यावर परवा तिच्या साड्या बाहेर काढल्या, तर डांबरगोळ्यांच्या वासासकट त्या इंग्रज नटाच्या नाटकाचा छापील प्रोग्राम हातात आला आणि ती दुपार आठवली. हा नट टीव्हीवर दिसला की ही भाजी करपू द्यायची. मला जन्मभर नुसतं ‘अहो’. लग्नात बायका नाव घे म्हणाल्या, तेव्हाही पदर तोंडाला लावून बसली. त्याचं नाव मात्र दिवसातून दहा वेळा. विलायतेतल्या आमच्या स्लाऊ गावाहून ट्रेनने त्याचं नाटक बघायला गेलो. मी वेअरहाऊसमधला माणूस, निम्मा वेळ झोपलो. नाटक सुटल्यावर थिएटरच्या मागच्या दाराशी ही रांगेत उभी, हिरवी पैठणी, वर माझा जुना कोट. मी म्हटलं, “बोहल्यावरच चढ आता.” ती म्हणाली, “अहो, जळू नका. सही घेते नि येते.” मी रागाने बसस्टॉपवर जाऊन थांबलो. तिथून दिसलं, तो वाकून काहीतरी विचारत होता आणि ही लाजत होती, लग्नात लाजली होती तशीच. परत येऊन प्रोग्राम पुढे करत म्हणाली, “बघा तरी काय लिहिलंय.” मी बघितलं नाही. तिनेही तो विषय परत काढला नाही. परवा पहिल्यांदा उघडून बघितलं. सहीच्या वर माझं नाव आहे, तेवढं इंग्रजी मला वाचता येतं. सही कोणासाठी, असं त्याने विचारलं असणार. म्हणजे तिने माझं नाव घेतलं, आणि ते ऐकलं त्याने. मी अजून जळतो त्याच्यावर.