देवीचा पडदा आणि हालता हात

विषमज्वरातून उठलो तेव्हा घरचे म्हणाले, देवीनं वाचवलं. मला मात्र मनातून तिचा राग आला होता. तापात मी नवस बोललो होतो की, जगलो तर नवरात्रात अंबडच्या देवळात सभामंडपात देवीमागं लावतात तो पडदा नव्यानं रंगवून देईन. जगलो, पण उजवा हात थरथरू लागला. पेला धरला तरी पाणी सांडायचं. निजामाची राजवट नुकतीच संपलेली, जालन्यात दुकानांच्या उर्दू पाट्या मराठीत करून घ्यायची जो तो घाई करत होता, आणि मी पेंटर हात मांडीखाली दाबून घरात बसलेलो. जीव परत द्यायचा आणि हात तेवढा ठेवून घ्यायचा, हा कुठला न्याय, असं मी तिला रोज विचारायचो.

नवरात्र जवळ आलं तशी बायको म्हणाली, "घरात कुढून हात थांबणार हाय का? बागेत जाऊन बसा, काय जमतंय ते तरी बघा." म्हणून मी मोतीबागेत तळ्याकाठी एका कडुलिंबाखाली मांडीवर पाट घेऊन बसू लागलो. पडद्यासाठी योजलेली महिरप कागदावर काढून पाहायचो. खांब काही केल्या सरळ येईना. कागद फाडायचा, दुसरा घ्यायचा, असं चाललं होतं.

तिथं रोज सकाळी एक म्हाताऱ्या मारवाडी बाई यायच्या. कापड दुकानवाल्यांच्या आई. सगळे त्यांना मांजी म्हणत. हातात वाटी, वाटीत साखर मिसळलेलं पीठ. त्यांच्यात मुंग्यांना पीठ घालायची रीत आहे. एके दिवशी वाटी माझ्यापुढं करून म्हणाल्या, "बेटा, आज कंबर वाकून न्हाई राह्यली. एवढा आटा तू टाक मुंग्यांना."

"मांजी, माझा हात हालतो."

"मंग तर बराबर हाय. ढेकूळ पडलं की बिचाऱ्या दबून मरतात. भुरभुर पडाया पायजे."

मी चिमूट सोडली. पीठ अलगद, सारखं पसरलं. आजारानंतर या हातानं धड केलेलं ते पहिलं काम, आणि तेही थरथरीमुळंच. मला हसू आलं, डोळ्यांत पाणीही आलं. मग गंमत वाटू लागली. पहिली मुंगी कुठून येते, बाकीच्यांना कोण सांगतं, आपल्याहून मोठा कण उचलून ती वाट कशी चुकत नाही, हे बघत ऊन चढेपर्यंत मी ओणवा बसलो. महिरपीची आठवणही आली नाही. दुसऱ्या दिवशी तर मांजींच्या आधी मी हजर!

अशाच एका सकाळी मान वर केली. तळ्यावरचं ऊन वाऱ्यानं त्या पिठासारखंच भुरभुरत होतं. लिंबाचं एकही पान स्थिर नव्हतं. यातलं काहीच सरळ नाही, मग मी सरळ रेघेचा हट्ट कुणासाठी धरून बसलोय? कागदावर निळा रंग फासला, कुंचला पांढऱ्या रंगात बुडवला आणि हाताला म्हणालो, हाल बाबा, किती हालायचं ते. कागदावर पाणी चमकू लागलं. हे मी केलं, असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

पडद्यावर मग महिरप आलीच नाही. मांजरपाटावर तळं आलं, लिंब आला. घटस्थापनेला समईच्या उजेडात लोक म्हणत होते, "पानं हालून राह्यली की!" मला मात्र लिंबाच्या बुंध्याशी कुंचल्यातून सांडलेले काळे ठिपके खुपत होते. घाईत ते झाकायचे राहून गेले होते.

पुढं मांजी मुलाबरोबर बसनं दर्शनाला आल्या. पडद्याजवळ जाऊन त्यांनी तो वरपासून पार खालपर्यंत निरखला. मी शरमून उभा. तेवढ्यात त्या ठिपक्यांवर बोट ठेवून त्या लहान मुलीसारख्या हसल्या. "आल्या बघ! मी शोधूनच राह्यले होते. मुंग्या बराबर आल्या." मग हातातली प्रसादाची साखर माझ्या तळव्यावर ठेवून म्हणाल्या, "टाक."

मी पडद्याखाली साखर भुरभुरली. हात हालतच होता. तो अजूनही हालतो. पाट्यांची सरळ अक्षरं मला पुन्हा जमली नाहीत. देवळांचे पडदे मात्र लोक सांगत गेले, त्यावर घर चाललं. हात ठेवून घेतलास म्हणून मी देवीशी भांडलो होतो. आता तिच्यापुढं उभा राहिलो की एवढंच म्हणतो, आई, तो तुझ्यापाशीच राहू दे.