हान्सेन, पण कुठले हान्सेन?

मंडळी, मी सांगतेय, सूनबाई टाइप करतेय.

नातीने लग्नासाठी पसंत केलेला मुलगा आज आमच्या क्वीन्सटाउनच्या फ्लॅटवर आला. डेन्मार्कचा, आडनाव हान्सेन. होकार मी द्यायचाय.

लेकाने फोनवर नामवंत हान्सेन दाखवले. खेळाडू, गायिका, शास्त्रज्ञ, एक मंत्रीसुद्धा!

मी विचारलं, "यातले तुझे कोण रे?" नात मराठीचं इंग्रजी करत होती.

"कोणीच नाही, आजी."

"लांबचे चुलत तरी?"

"नाही. माझे बाबा बस चालवतात."

इथेच मला संशय आला. आपल्यात आपल्या आडनावाचा माणूस मंत्री झाला, की संध्याकाळपर्यंत तो आपला काका होतो. हा मात्र फुकट मिळणारा काका नाकारतोय!

काही लपवत असेल, तर मी शोधून काढीन. पण खरंच खरं बोलत असेल, तर आमच्या घरात त्याचा निभाव कसा लागायचा? सांगा, देऊ का होकार?