‘बसा’ न म्हणणारं घर

सुगंधाबाई दुकानात गेली की बोटानं दाखवायची. साखर, बिस्किटं, उदबत्ती. ‘दे’ म्हणायची नाही, ‘पाहिजे’ही नाही.

सुपारी-तंबाखूचा खर्रा खायची. त्याची प्लास्टिकची पन्नी मात्र फेकायची नाही. घडी करून कमरेला खोचायची.

गावदेवी मातामायसमोर हात जोडताना पदराचं टोक दातांत धरायची. बाकीच्या बाया काहीबाही पुटपुटत. ती गप्प.

एसटीला बस म्हणत नसे. ‘गाडी’ म्हणे. आणि घरी कोणी आलं तर ‘बसा’ म्हणत नसे. ‘या, टेका जरा’ म्हणे.

यावरून गावात तिची टिंगल चाले. धनराजभाऊंच्या बांध्यांमध्ये, धानाच्या तुकड्यांत, आम्ही दरवर्षी रोवणा करायचो. ते एकदा धुऱ्यावरून, दोन बांध्यांमधल्या बांधावरून, ओरडले, “सुगंधाबाई, तुह्या घरी खाली काटे हायेत का वं? कोणाले बसू देत नाई!”

“तुमच्यासाठी पेरून ठेवले ना, भाऊ. येऊन पाहा.”

बाया हसल्या. ती हसली नाही. वाकून रोवत राहिली.

आमचं गाव सावली तालुक्यात. पावसाळ्यात इथल्या बाया रांगेनं चिखलात उतरतात आणि धानाची रोपं रोवतात. कंबर मोडते. मी गडचिरोलीला मराठी घेऊन बी.ए. केलं आणि नोकरी मिळेपर्यंत आईसोबत या रांगेत आले. पहिल्याच दिवशी माझी कंबर गेली. शेजारी सुगंधाबाई होती. ती माझ्या आईपेक्षा मोठी.

“रोशनी, कमरेकडे ध्यान देऊ नोको,” ती म्हणाली. “कथा आयक. हूं म्हण. हूं थांबला तं कथा थांबते.”

तिच्या कथा भुतांच्या होत्या. ती त्या भर दुपारी सांगायची, उन्हात, गुडघाभर चिखलात. तरी अंगावर काटा यायचा.

एक सांगते. सुगंधाबाईनं ती धनराजभाऊ धुऱ्यावर उभे असतानाच सांगितली होती.

“एक शेतकरी होता. त्याचं नाव होतं धनराज.”

“ओ बाई!” धुऱ्यावरून आवाज आला.

“दुसऱ्या गावचा हाय, भाऊ. तुमी गोरे, तो काळा.”

“हूं,” आम्ही म्हणालो.

“त्याले एकच दुख. बाया थांबतात. पानी पितात, खर्रा खातात, पोराले पाजतात. त्याले पाहवत नाई. तो गेला बोडीवर. बोडीत एक बाई राहे. दिसे नाई, निस्ते केस दिसत पान्यावर. ती म्हने, माग. तो म्हने, मायाकडच्या बायायचे हात थांबू नोकोत.”

“हूं.”

“थांबले नाई. बांधी झाली, दुसरी झाली. धुरा आला तं धुऱ्यावर रोवला. रस्ता आला, रस्त्यावर रोवला. धनराज म्हने, झाला, घरी जा. हात थांबतच नाई. त्याच्या आंगनात रोवला. चुलीत रोवला. तो भेला, जाऊन बाजेवर निजला. बाया आत आल्या. वाकल्या.”

आम्ही हूं म्हणायला विसरलो. सुगंधाबाई थांबली. केसरबाई घाईनं म्हणाली, “हूं वं बाई, हूं!”

“त्या साली त्याच्या घरावर असा धान आला,” सुगंधाबाईनं हात छातीपर्यंत नेला, “का गावात कोनाकडे नाई. पन कापाले कोनी गेला नाई.”

धनराजभाऊ धुऱ्यावरून खाली उतरले. मग म्हणाले, “चला, पानी पिऊन घ्या.” तेव्हापासून आम्हाला मधली सुट्टी मिळू लागली.

मी तिला वाचलेल्या कथा सांगायचे. ती शेवट बदलायची. मी मानायचे नाही, मग आमचं भांडण व्हायचं. माझ्याशी कोणी इतकं मन लावून भांडलेलं नव्हतं.

तिच्या कथांत भूत कधी खोटं बोलत नसे. मागितलं तेच द्यायचं, शब्दाला शब्द. फसायचा तो मागणारा. कोणी आळशी, कोणी हावरट, कोणी नुसता एकटा. एकदा केसरबाई म्हणाली, “मेला ते बरा झाला. नालायक होता.”

सुगंधाबाईचे हात थांबले. तसे ते कधी थांबत नसत.

“नालायक नोको म्हनू,” ती म्हणाली. “त्याची चूक लहानच होती. आपल्याएवढी.”

तिच्या घरी ओसरीसारख्या छपरीत बाज होती. बाजेवर तिचा नवरा, गुणवंतभाऊ. कमरेखाली त्यांचं अंग चालत नाही. पूर्वी ते भद्रावतीकडे ठेकेदाराकडे होते, ट्रकवर कोळसा भरायला. तिथे ट्रकवरून पडले. ही गोष्ट मी शाळेतही नव्हते तेव्हाची.

दुपारी काम नसलं की ती बाजेशेजारी सूप घेऊन तांदूळ पाखडायची आणि त्यांना कथा सांगायची. मी पुष्कळदा तिथे असायचे. एक कथा मात्र कधी पुरी होत नसे.

“एक बाई होती. तिचा घरवाला दूर कामाले होता.”

“हूं,” गुणवंतभाऊ म्हणायचे.

“पोळ्याले ये, दिवाईले ये. बाकी साल घर खाली.”

“हूं.”

“मंग ती गेली मातामायकडे.”

“हूं.”

“भात करपते वाटते,” असं म्हणून ती उठायची. चुलीवर भात नसला तरी उठायची.

यंदाच्या रोवण्यात एकदा आम्ही दोघी धुऱ्यावर भाकर खात होतो. मी विचारलं, “त्या बाईनं मातामायले काय मागितलं?”

तिनं खूप वेळ घास चावला.

“त्याले घरी आनून बसव,” ती म्हणाली. “असंच म्हनली मी. बसव. मातीचा घोडा वाहीन म्हनली. घोडा बनवत होती आंगनात, तवाच सांगावा आला. ते पडले म्हनून.” तिनं हात धुतले. “मातामायनं आनला. आन बसवला. तवापासून कोनाले बसा म्हनतच नाई वं मी. जीभ वळत नाई.”

 मी ‘हूं’ म्हटलं. तेवढंच सुचलं.

“त्यायले सांगाचं हाय. सांगितल्याबिगर मरली तं मायंच भूत होईल, बोडीत राहीन.” ती जराशी हसली. “पन तोंड पाहतील का मायं, मंग? कोनासंग राहू मी?”

“ते रागावणार नाहीत.”

“तुले काय मालूम? तू पुस्तकातल्या नवऱ्यायले ओळखतं.” मग तिनं माझा हात धरला. “रोवणा झाला का सांगतो. तू समोर राह्य. मी उठली तं मायं लुगडं धर.”

मी धरीन म्हटलं.

शेवटची बांधी राहिली होती. तिला ताप आला. गावात बऱ्याच जणांना आला होता, उतरत होता. तिचा उतरला नाही. मी कॉलेजातून दाखला आणायला गडचिरोलीला गेले होते. परतले तेव्हा छपरीसमोर माणसं होती.

हे लिहितानाही मला खरं वाटत नाही. वाटतं, ती रांगेत पुढे आहे आणि माझा हूं ऐकायला थांबली आहे.

तेरवी झाल्यावर मी एकटी गेले. गुणवंतभाऊ बाजेवर होते. आता त्यांचं सगळं त्यांची भाची रीना पाहते. ती पाण्याला गेली होती. मी दारात उभी राहिले. नेहमीचं ‘टेका’ म्हणायला कोणी नव्हतं.

“बस, पोरी,” ते म्हणाले.

त्या घरात हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. मी बसले.

“तुले सांगितलं असंल तिनं,” ते म्हणाले.

मी मान खाली घातली. लुगडं धरायचं होतं ती बाई नव्हती. आता सांगावं की गप्प राहावं, मला कळत नव्हतं.

“भिऊ नोको. मले मालूम हाय.”

“कसं?”

त्यांनी कोनाड्याकडे बोट केलं. तिथे मातीचा एक घोडा होता. भाजलेला नाही, नुसता उन्हात वाळलेला. मी तो अनेकदा पाहिला होता. खेळणं असेल, असं वाटायचं.

“या घरात लेकरू नाई. मंग घोडा कायचा? मी बी याच गावचा हाय ना. घोडा म्हनजे नवस. आन मी पडलो त्याच टायमाचा घोडा. समजाले काय लागते?”

“मग तुम्ही बोलले काऊन नाई?”

“आधी राग आला. पडल्या पडल्या गोटा मारला त्याले. कान तुटला. तिनं काही न बोलता कान चिकटवला.” त्यांनी पुन्हा कोनाड्याकडे पाहिलं. “मंग ती कथा सांगाले लागली. रोज. कथेच्या मंधात बोलाव का? हूं म्हनाव. मी म्हनत राह्यलो. वाटे, आज पोचंल, उद्या पोचंल.”

बाहेर कोंबड्या अंगणात उकरत होत्या.

“तिकडे झोपडीत आमी दहा-बारा जन राहत होतो,” ते म्हणाले. “कोळसा, दारू, झोप. मायी बायको एवढ्या कथा सांगते, हेच मले मालूम नव्हता. लगन होऊन इतके साल झाले होते. घरी बसलो म्हनून आयकला तिले. मातामायनं देल्ला ते देल्लाच, पोरी. पाय घेतले, ते बी खरा. पन देल्ला.” त्यांनी डोळे पुसले नाहीत. “तिले हे सांगाचं होतं मले. ती कथा पुरी करन तवा सांगीन म्हनलो.”

मी तिची कथा पुरी केली. देवळापासून पुढे. तिच्याच शब्दांत, जेवढे मला आठवले तेवढे. ते प्रत्येक वाक्याला हूं म्हणाले. मी एकदाही उठले नाही.

मग ते म्हणाले, “घोडा काढ.”

मी कोनाड्यातून तो हळूच उचलला. हलका होता. चिकटवलेला कान थोडा वाकडा. खाली, मातीला ओल लागू नये म्हणून, पन्न्यांच्या घड्या होत्या, सगळ्या खर्ऱ्याच्या, आणि फडक्यात गुंडाळलेला बोडीच्या मातीचा गोळा. फडकं आता वाळलं होतं. गोळ्यावर तिच्या बोटांचे ठसे होते. ताप यायच्या आधी तिनं ती माती आणून ठेवली असणार.

मी घोडा जमिनीवर ठेवला. तो एका बाजूला कलला. त्याला तीनच पाय होते; चौथा करायच्या आधीच सांगावा आला असणार. चौथ्याच्या जागी ती एक खडा लावून ठेवायची. तो खडा कोनाड्यातच राहिला होता.