किलोमागे काकू

काकूंचा चेहरा दिसण्याआधी मी त्यांचा आवाज ऐकला. "ठेव ती बाटली खाली," एवढंच तो आवाज म्हणाला. आइंडहोव्हन या डच शहरात येऊन मला जेमतेम चार दिवस झाले होते. सुपरमार्केटमध्ये शाम्पूची बाटली हातात धरून मी आईशी फोनवर बोलत होते, आणि नाशिकपासून इतक्या लांब कुणी आपल्याला मराठीत दम भरेल असं माझ्या स्वप्नातही नव्हतं. वळून पाहिलं तर कुणी नाही. मग खाली पाहिलं. सर्वांत खालच्या कप्प्यासमोर एक बाई उकिडव्या बसल्या होत्या आणि चष्मा कपाळावर सरकवून किमतीच्या चिठ्ठीवरची बारीक अक्षरं वाचत होत्या. "हीच बाटली पलीकडे निम्म्या किमतीत मिळते. शनिवारी आमच्याबरोबर चल," त्या म्हणाल्या. पलीकडे म्हणजे कुठे, असं मी विचारलं. "जर्मनीत," त्या म्हणाल्या, जणू जर्मनी गल्लीच्या टोकालाच होती.

इथल्या दुकानांत प्रत्येक वस्तूखाली दोन किमती लिहिलेल्या असतात. ठसठशीत आकड्यात पाकिटाची, आणि अगदी बारीक अक्षरांत किलोची किंवा लिटरची. ठसठशीत आकड्याकडे काकूंनी उभ्या जन्मात ढुंकून पाहिलं नसेल. "मोठा आकडा दुकानदाराचा, बारीक आकडा आपला," असं त्या म्हणत. तुम्ही कौतुकाने काहीही आणलेलं दाखवा, त्यांचा प्रश्न ठरलेला: "किलोमागे किती पडलं?" त्यामुळे आइंडहोव्हनातली सगळी मराठी मंडळी त्यांच्या माघारी त्यांना 'किलोमागे काकू' म्हणत. काकूंना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. कुटुंबासाठी खास म्हणून मांडलेलं अगडबंब पाकीट छोट्या पाकिटापेक्षा महाग पडतंय हे पकडलं, की त्या भर दुकानात मराठीत ओरडत, "सापडला गो, सापडला!" आजूबाजूचे डच लोक आपापले मोबाइल चाचपून पाहत.

हा प्रश्न नुसता साबण-साखरेपुरता नव्हता. माझ्या आईने लंडनचं एक स्थळ सुचवलं होतं. मुलाचा पगार, घर, गाडी, फोटोतला सूट, सगळं मी काकूंना रंगवून सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "पाकीट मोठं दिसतंय. किलोमागे काय निघतं ते बघ." मी त्याला दोनदा भेटले. दुसऱ्या भेटीत त्याने पाऊण तास फक्त स्वतःच्या घड्याळाबद्दल सांगितलं. परत येऊन मी काकूंना फोन केला तेव्हा त्या इतक्या मनापासून हसल्या, की मलाही रडण्याऐवजी हसूच आलं.

काकू मूळच्या बांद्याच्या. मुंबईतलं नव्हे, गोव्याच्या वेशीवरचं बांदा. "माझे बाबा स्कूटरमध्ये पेट्रोल टाकायला गोव्यात जायचे आणि येताना काजू आणायचे. सीमा मला काय नवी सांगता?" असं त्या म्हणायच्या. काका इथल्या चिपच्या मशिनी बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर म्हणून आले आणि त्यांच्यामागोमाग काकू. पहिल्याच महिन्यात काकूंनी नकाशा उघडून पाहिला, जर्मनी तासाभराच्या आत आहे हे कळलं, आणि त्या दिवसापासून त्यांना परदेशात असल्यासारखं वाटेनासं झालं.

महिन्याच्या पहिल्या शनिवारी काकांची गाडी निघे. व्हेन्लो हे शेवटचं डच शहर ओलांडलं की रस्त्याकडेला एक निळी पाटी येई, तीच सीमा. पाटी मागे गेली की काकू पदराला हात पुसल्यासारखे दोन्ही हात जीन्सवर पुसत आणि पर्समधून यादी काढत. यादीत स्वतःचं थोडं आणि गावाचं फार. कुणाच्या बाळाचे डायपर, कुणा एकट्या राहणाऱ्या पोराची कपड्यांची पावडर, कुणाच्या आईसाठी भारतात पाठवायच्या कॅल्शियमच्या गोळ्या. नफा म्हणून त्यांनी कधी एक चॉकलेटही घेतलं नाही. गाडी चालवता चालवता काका मात्र दर वेळी तेच म्हणत, "अगं, पेट्रोल धर त्यात. सगळी बचत पेट्रोलात जाते." आणि काकू दर वेळी तेच उत्तर देत, "पेट्रोल धरायचं नसतं त्यात. पेट्रोल म्हणजे सहल."

पहिल्या फेरीत मी उत्साहाने पाण्याच्या बाटल्यांचे दोन गठ्ठे घेतले होते. रिकाम्या बाटल्या इथल्या दुकानातल्या मशीनमध्ये टाकल्या की अनामत परत मिळते, हे मी नुकतंच शिकले होते. त्या जर्मन बाटल्या मी डच मशीनमध्ये टाकत राहिले आणि मशीन त्या एकेक करून परत ढकलत राहिलं. माझ्यामागे सात-आठ माणसांची रांग लागली. काकूंना सांगितलं तर त्यांनी गाडीची डिकी उघडून दाखवली. तिथे एक भलीमोठी पिशवी होती, तिच्यावर मार्करने लिहिलं होतं: 'तिकडच्या.' पुढच्या फेरीत माझ्या बाटल्या त्या पिशवीतून आपल्या देशी परत गेल्या.

अशी दोन वर्षं गेली आणि मग काकांच्या डोळ्यांच्या पडद्यांनी दगा दिला. हाउसआर्ट्सने, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरांनी, मोठ्या डॉक्टरांकडे पाठवलं आणि मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं, की समोरचं माणूस ओळखू येईल, पण गाडी चालवणं आता बंद. काकूंना गाडी येत नव्हती. शनिवारची फेरी थांबली. आम्ही सगळ्यांनी आपापल्या गाड्या देऊ केल्या, कुणी म्हणालं आता सगळं ऑनलाइन येतं, पण काकू "बघू" म्हणून विषय बदलत. एकदा मला त्या त्याच सुपरमार्केटमध्ये दिसल्या. त्यांनी शाम्पूची बाटली उचलली आणि टोपलीत टाकली. खाली वाकल्या नाहीत, चष्मा वर केला नाही. मला त्या दिवशी खरंच भीती वाटली.

त्याच आठवड्यात मी त्यांच्या घरी गेले आणि सरळ विचारलं, कुणाच्या गाडीत बसायला काय हरकत आहे? काकू पोळ्या लाटत होत्या. त्या न थांबता म्हणाल्या, "इतकी वर्षं यांनी मला नेलं. आता मी यांना नेणार. तिसऱ्या कुणी आम्हा दोघांना न्यायचं नाही." तेव्हा त्यांना अठ्ठावन्नावं लागलं होतं. बाहेरच्या खोलीतून काका म्हणाले, "अगं, या वयात!" काकूंनी लाटणं आपटलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं.

लेखी परीक्षा त्या पहिल्याच फटक्यात पास झाल्या, कारण बारीक अक्षरं वाचण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. प्रत्यक्ष गाडी चालवण्याच्या परीक्षेत मात्र दोनदा नापास झाल्या आणि दोन्ही वेळा एकाच कारणाने. चौकातल्या गोल वळणावर त्या सगळ्यांना जाऊ देत. सायकलवाले, बस, टेम्पो, अगदी लांबवर दिसणारा ट्रॅक्टरसुद्धा. परीक्षक त्यांना म्हणाला होता, "बाई, जाण्याचा हक्क तुमचा असतानाही तुम्ही थांबता, त्यामुळे मागच्यांना कळतच नाही की तुम्ही काय करणार आहात." दुसऱ्यांदा नापास होऊन आल्यावर काकू सोफ्यावर बसून म्हणाल्या, "माझ्या अंगातच नाही ते. लहानपणापासून आधी दुसऱ्याला वाढून मग जेवायची सवय. आता या वयात पुढे घुसायला कुठून शिकू?" त्यांना रडताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

आणि मला काकू दुकानात कशा वागतात ते आठवलं. कपड्यांच्या पावडरीवर सूट असली, की याच काकू ट्रॉली अशी काही वळवत की धडधाकट जर्मन पुरुष बाजूला होत. मी स्वयंपाकघरातून मीठ, हळद आणि तिखटाच्या बरण्या आणल्या, टेबलावर गोल मांडला आणि साखरेची बरणी त्यांच्या हातात दिली. "काकू, ही तुमची गाडी. या दोन बरण्यांच्या मधल्या फटीत पावडरीचा शेवटचा डबा आहे. निम्मी किंमत. पलीकडून एक बाई हात घालतेय."

काकूंनी डोळे पुसले. "किलोमागे किती?" त्यांनी विचारलं.

"एक युरो."

साखरेची बरणी इतक्या जोरात फटीत घुसली की हळद टेबलावर सांडली. काका दारात उभे होते. त्यांना नीट दिसत नव्हतं, पण आवाज ऐकून ते म्हणाले, "झाली पास."

ऑक्टोबरच्या शेवटच्या गुरुवारी काकू खरोखरच पास झाल्या. परीक्षकाने हसत "थोडं अंगावर येऊन चालवता" असा शेरा मारला, तो काकूंनी पुढे वर्षभर पदकासारखा मिरवला. शनिवारी आम्ही निघालो. काकू स्टीअरिंगवर, काका शेजारी, मी मागे यादी घेऊन. हायवेला काकूंनी एका ट्रकला मागे टाकलं तेव्हा मी टाळ्या वाजवल्या. निळी पाटी आली. काकूंना हात जीन्सवर पुसता येईनात, म्हणून त्यांनी नुसताच एक मोठा श्वास सोडला. काका खिडकीकडे तोंड करून बसले होते आणि त्यांचे डोळे भरून आले होते.

दुकानाच्या आवारात शिरलो तर एकही गाडी नाही. दारं बंद, आत अंधार. पहिली नोव्हेंबर होती! जर्मनीच्या त्या भागात त्या दिवशी पितरांच्या स्मरणाची सुट्टी असते, आणि सगळी दुकानं बंद असतात. आजवर असल्या सुट्ट्या कॅलेंडरमध्ये बघून ठेवण्याचं काम काकांचं होतं. आता त्यांना अंक दिसत नव्हते, आणि ते काम आपण उचलायला हवं हे आम्हा दोघींना सुचलंच नव्हतं. काका पुटपुटले, "माझी चूक."

काकूंनी त्या रिकाम्या आवाराला एक अख्खी फेरी मारली. शंभरेक जागा मोकळ्या होत्या. त्यातली दारासमोरची जागा त्यांनी निवडली आणि गाडी उलटी घेत पांढऱ्या रेघांच्या बरोबर मधोमध लावली. इंजिन बंद केलं. "दुकान बंद असेल, पण मी पोचले की नाही?" त्या म्हणाल्या. मग आम्ही तिघं त्या बंद दुकानासमोर डब्यातल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खात बसलो. त्या दिवसाइतकी चवदार दशमी मी पुन्हा खाल्ली नाही.

परतताना व्हेन्लोला थांबलो आणि पाहतो तर काय, अख्खी जर्मनी तिथे लोटलेली! त्यांची दुकानं बंद, म्हणून ते इकडे खरेदीला आले होते. गाडी लावायला एकच जागा उरली होती आणि समोरून जर्मन नंबरची एक लांबलचक गाडी येत होती. हक्क आमचा होता. काकू थांबल्या नाहीत. जागा घेऊन त्यांनी त्या माणसाला काचेतून हात केला, आणि त्यानेही हसून टोपी उचलली. आत कॉफीच्या कप्प्यासमोर एक जर्मन आजी उकिडव्या बसून, चष्मा कपाळावर सरकवून, बारीक अक्षरं वाचत होत्या. काकू त्यांच्या शेजारी जाऊन बसल्या. कॉफी आमच्याकडे स्वस्त, साबण तुमच्याकडे, असं मोडक्यातोडक्या डचमध्ये आणि जर्मनमध्ये दोघींचं एकमत झालं, आणि दोघी मैत्रिणींसारख्या खिदळल्या.

मी पुढे लग्न करून अ‍ॅमस्टेलव्हीनला आले. सीमा लांब गेली, शनिवार संपले. इथल्या दुकानात मी खाली वाकून बारीक आकडे वाचते, तेव्हा माझा नवरा ओशाळून दुसऱ्या रांगेत जातो. मला काकूंची फार आठवण येते आणि ती यावी असंच मला वाटतं.

गेल्या वर्षी मला मुलगी झाली. नवव्या दिवशी सकाळी दारावरची बेल वाजली. दारात काकू, गाडीची किल्ली बोटात फिरवत. त्यांच्यामागे काका, दोन्ही हातांत हनुवटीपर्यंत डायपरची खोकी. आधी आइंडहोव्हनहून जर्मनी, तिथे मुक्काम, पहाटे उठून जर्मनीहून थेट अ‍ॅमस्टेलव्हीन, सगळं अंतर काकूंनी एकटीने चालवलं होतं. मी म्हटलं, "अहो काकू, डायपर इथेही मिळतात की! पेट्रोल केवढं जाळलंत!"

काकूंनी तोंड उघडलं, पण त्यांच्या आधी खोक्यांच्या मागून काकांचा आवाज आला.

"पेट्रोल धरायचं नसतं त्यात."