जळबाचा डाग

पुसेगावात मेंढरू फुगलं की जळबाला हाक जायची. गडी येणार, मेंढराच्या डाव्या कुशीत मूठ दाबणार आणि डोळे मिटणार. पोट आतून मुठीला किती ढुशा देतं, हे तो मोजायचा. ढुशी बंद असली की विळा तापवून डाग द्यायचा. दहातली सहा मेंढरं उठायची. न उठलेल्या चारांची आठवण कोण ठेवतं हो!

अठ्ठ्याण्णव साली त्याची सात महिन्यांची नात सुकन्या फुगली. शी बंद, पोट ताशासारखं ताणलेलं. सून रागिणी म्हणाली, "मामा, हिंगोलीला नेऊ."

जळबानं लेकराच्या पोटावर तळवा ठेवला. आत सगळं गप. "काही न्हाई लागत दवाखाना. डागतो, दोन दिसात मोकळं व्हतंय," म्हणाला, आणि खरंच डागलं की हो त्या इवल्याशा पोटाला! दोन दिवसांचे पाच झाले. लेकरू हिरवं ओकायला लागलं, तेव्हा रागिणीनं कुणालाही न विचारता जीप बोलावली.

नांदेडच्या मोठ्या दवाखान्यात आतड्याचा तुकडा काढावा लागला. डॉक्टरीणबाईंनी जळबाला समोर बसवलं. "आजोबा, आतड्यात ठोका देणाऱ्या बारीक पेशी असतात. त्यांच्यात कॅल्शियम उसळतं, ओसरतं, तशी आतड्याला लाट येते आणि खाल्लेलं पुढं सरकतं. हिच्या त्या तुकड्यात या पेशी जवळपास नव्हत्याच. वरून डागून त्या कुठून येणार?"

जळबाला कॅल्शियम कळलं नाही, ठोका मात्र बराबर कळला. जन्मभर तोच मोजत आला होता ना! ठोका बंद पडलाय, हे त्याच्या हाताला पहिल्याच दिवशी समजलं होतं. तरी पोरीला त्यानं पाच दिवस घरात ठेवलं.

पोरगी बरी होऊन आली आणि गाव म्हणालं, "जळबाच्या डागानं वाचली!" इथं तरी तोंड उघडावं की नाही? पण जळबा मूग गिळून बसला. घरची अब्रू म्हणून रागिणीही गप्प राहिली. पुढं सुकन्या समोर आली की तो मान खाली घालायचा.

दोन हजार नऊ साली गल्लीतली भिकाबाई तान्ह्या नातवाला घेऊन दारात आली. पोट फुगलेलं, आणि त्यावर ताजे डाग.

"परवा घरीच डागलं, जळबादादा. तुमी सुकन्याला डागलं तसंच. पण उतरून न्हाई राहिलं. तुमचा हात लावा."

अंगणात अकरा वर्षांची सुकन्या भांडी घासत होती. तिच्यादेखत तो म्हणाला, "माझ्या डागानं कोणी वाचलं न्हाई, भिकाबाई. पोरीला डॉक्टरनं वाचवलं. माझ्यापायी तर ती मरत व्हती. गाव खोटं बोलत राहिलं अन् मी ऐकत राहिलो."

सुकन्याचा राखेचा हात फ्रॉकवरून पोटाशी गेला. "आबा, आई दवाखान्यात न्या म्हणली न्हाई का तवा?"

"म्हणली व्हती."

"मंग काहून न्हाई नेलं?"

"मलाच सगळं कळतं असं वाटलं, माय."

हात धुऊन पोरीनं भिकाबाईच्या कडेवरचं लेकरू घेतलं. मग म्हणाली, "जीप बघा, आबा. याचे दोन दिवस तुमीच घालवले, इतकी वर्षं गप बसून."