शेवटचं वाक्य जातं कुठे?

रेडिओकाकांची उभी हयात रेडिओ दुरुस्त करण्यात गेली. दुकान बंद केल्यावर त्यांनी घरबसल्या एक नवा उद्योग मागे लावून घेतला. आवाज मुद्रित करण्याचं एक फुकटचं सॉफ्टवेअर जगभरची हौशी मंडळी मिळून बनवत. नवी आवृत्ती आली की काका त्यात एक ठरलेलं रेकॉर्डिंग उघडायचे, त्याची एमपीथ्री प्रत काढायचे, म्हणजे एक्स्पोर्ट करायचे, आणि हेडफोन लावून चुका शोधायचे. सापडली की मंडळींच्या तक्रारपानावर नोंद.

ते ठरलेलं रेकॉर्डिंग म्हणजे काकूंची बोलणी. एकदा माइक चालू राहिला आणि पलंगावर टाकलेल्या ओल्या टॉवेलवरून काकांची घेतलेली हजेरी अख्खी टिपली गेली. परीक्षेला त्याहून सरस काही मिळेना. सुरुवात टिपेला, मध्ये भांड्यांची साथ, आणि शेवटी पुटपुटल्यासारखं, "या आता जेवायला."

नव्या आवृत्तीत नेमकं हे शेवटचं वाक्य गायब! मूळ रेकॉर्डिंगमध्ये आहे, एक्स्पोर्टमध्ये नाही. काकांनी तक्रार केली. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या एक बाई म्हणाल्या, "माझ्याकडे नीट चालतंय. तुमचं रेकॉर्डिंग पाठवा." रेकॉर्डिंग गेलं. उत्तर आलं, "शेवटपर्यंत स्वच्छ ऐकू येतंय. तक्रार बंद करू का?"

काका चक्रावले. हेडफोन बदलले, कान कोरले, पुन्हा ऐकलं. नाहीच! मग कानच गेले की काय? मूळ रेकॉर्डिंगमधलं तरी खरंच ऐकू येतंय, की पाठ झालंय म्हणून वाटतंय? लेक कधीची मागे लागली होती, "बाबा, कान दाखवून घ्या." कान गेले की हे कामही गेलं. मग उरलं काय, टॉवेल वाळत घालणं?

शेवटी त्यांनी काकूंच्याच कानांना हेडफोन लावला.

"ऐक गं जरा. शेवटी काय ऐकू येतंय?"

"अहो, हा तर माझा आवाज! हे जगाला ऐकवता?"

"छे छे! बाईंना मी वेगळं पाठवलंय. माझ्या आवाजात, एक ते दहा आकडे. घरातलं कशाला बाहेर?"

काकूंनी हेडफोन कानावरून सरकवला. "म्हणजे गुडघा दुखतोय तुमचा, आणि डॉक्टरला दाखवलात शेजाऱ्याचा?"

काका हेडफोनच्या वायरीला गाठी मारू लागले.

"आणि माझं जेवायला बोलावलेलं कुठे गेलं? टॉवेलचं तेवढं ठेवलंत! पाठवा हेच. मी काय भिते कुणाला?"

पाठवलं. बाईंचं उत्तर लगेच आलं. "सापडलं! शेवटचा आवाज इतका हळू आहे की आपलं सॉफ्टवेअर त्याला शांतता समजून कापतंय. तुमचे आकडे खणखणीत होते, म्हणून वाचले. या बाई रागावल्यात का?"

काकांनी लिहिलं, "नाही. चाचणीसाठी तसा आवाज काढलाय."

दुरुस्त आवृत्ती आली. काकांनी एक्स्पोर्ट केलं, डोळे मिटले, शेवटपर्यंत ऐकलं. "या आता जेवायला." जीव भांड्यात पडला. कान शाबूत!

तेवढ्यात तेच वाक्य पुन्हा ऐकू आलं, थोडं वरच्या पट्टीत. काका परत गोंधळात. लगबगीनं तक्रारपान उघडून लिहायला लागले, 'शेवटचं वाक्य आता दोनदा येतंय...'

मागून कुणीतरी हेडफोन ओढून काढला.